पेटीतल्या शालूला बुरा आला, आता काय?

वाचक विचारतात

या वेळी खानापूरपासून निपाणीपर्यंतच्या वाचकांनी घरातल्या आणि देवळातल्या जुन्या वस्त्रांबद्दल विचारलं आहे. बहुतेकांचा प्रश्न एकच, ‘बुरशी मारायला काय घालू?’ उत्तरांत मात्र औषधापेक्षा ओलीचीच चर्चा जास्त आहे, त्याला इलाज नाही. पत्रं लांब होती, ती थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : कणकुंबीच्या बाजूला आमचं मातीच्या भिंतींचं जुनं घर आहे. माळ्यावरच्या लोखंडी ट्रंकेत आजेसासूबाईंचा लग्नातला शालू होता, साधारण ८० वर्षांपूर्वीचा. परवा काढला तर घड्यांवर पांढुरके-राखाडी ठिपके आणि कुबट वास. ऊन पडलं की अंगणात वाळत घालावा म्हणते. की आधी धुवावा? — एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : उन्हात नको, धुणंही नको, आणि झटकायचं तर मुळीच नाही. या तिन्ही गोष्टी आधी सुचतात, म्हणून आधी त्यांच्याबद्दलच.

बुरशीचा ठिपका म्हणजे बारीक तंतूंचं जाळं आणि त्यावर धरलेले असंख्य बीजाणू. झटकलंत की ते खोलीभर उडतात, शेजारच्या कपड्यांवर बसतात आणि तुमच्या छातीतही जातात. धुतलंत तर बुरशीचा रंग विणीत मुरतो, आणि आधीच पोखरलेला धागा पाण्याच्या वजनानेच तुटतो. उन्हाने बुरशी थोडी दबते हे खरं. पण रेशमाइतका उन्हाला हळवा दुसरा नैसर्गिक धागा नाही, आणि हळदीसारखे जुने रंग तर डोळ्यांदेखत उडतात.

आज करायचं ते असं. एन-९५ मास्क आणि नायट्राइलचे हातमोजे घाला. घरात कोणाला दमा असेल तर त्यांना या कामापासून लांब ठेवा. शालू हाताने उचलू नका. खाली चादर किंवा मोठा पुठ्ठा सरकवा आणि त्याच्यासकट उचलून जिथे इतर कपडे नाहीत अशा खोलीत न्या. नेण्यापुरता पॉलिथिनने झाकला तरी चालेल, पण तासाभरात ते काढा. प्लास्टिकमध्ये ओल कोंडली की रातोरात काम वाढतं.

मग १० पटीच्या भिंगातून बघा. चित्रकलेच्या कोरड्या, मऊ ब्रशाचं टोक एका ठिपक्याला हलकेच लावा. ठिपका फरफटला, चिकट लागला तर बुरशी जिवंत आहे. पिठासारखा सुटून आला तर ती झोपलेली आहे. मेलेली नव्हे, ओल मिळाली की पुन्हा उठेल. कुबट वास ताजा असेल तर बहुधा पहिलाच प्रकार. आणि म्हणूनच क्रम बदलायचा नाही: आधी वाळवणं, मग साफ करणं. ओली बुरशी ब्रशने काढायला गेलात तर ती लोण्यासारखी विणीत चोपडली जाते.

वाळवायचं कसं, हाच खरा प्रश्न. हवेतली सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवा त्या तापमानाला जेवढं पाणी धरू शकते त्याच्या किती टक्के तिच्यात आहे तो आकडा, ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीला धुमारे फुटायची शक्यता सुरू होते. ७५ टक्क्यांना तिला काही आठवडे लागतात, ९० ला काही दिवस पुरतात. तुमच्याकडे ऑगस्टात बाहेरची हवाच ९० च्या आसपास असते. तेव्हा खिडक्या उघडून ‘जरा वारं लागू दे’ म्हटलं तर वाऱ्याबरोबर ओलच आत येते. खिडक्या बंद करा. हवेतलं पाणी ओढणारं डिह्युमिडिफायर यंत्र भाड्याने किंवा मागून मिळालं तर उत्तम. दहा बाय बाराच्या खोलीला दिवसाला १० ते १२ लिटर पाणी ओढणारं पुरतं. नसेल तर आत तेल भरलेला विजेचा हीटर. हवेत पाणी तेवढंच असलं तरी ती तापली की तिची सापेक्ष आर्द्रता उतरते: २२ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा २८ अंशांवर नेली की आकडा ६३ च्या जवळ येतो. चूल, कोळशाची शेगडी, गॅस यांपैकी काही नको. गॅस जळताना वाफ सोडतो, म्हणजे एका हाताने वाळवायचं आणि दुसऱ्याने भिजवायचं.

खाटेवर मच्छरदाणीची नायलॉनची जाळी ताणून बांधा आणि शालू तिच्यावर आडवा पसरा, म्हणजे खालूनही हवा लागेल. दोरीवर टाकू नका. जरीच्या काठाचं वजन सगळं एका रेषेवर येतं आणि रेशीम तिथेच फाटतं. घड्या एकदम उघडू नका, दिवसाला एक-दोन उघडा. पंखा लावाल तो भिंतीकडे तोंड करून. खोलीत आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र ठेवा. काटा ५५च्या आसपास सलग तीन-चार दिवस राहिला आणि ठिपके पिठासारखे सुटू लागले की पुढचं काम.

साफ करायला व्हॅक्यूम क्लीनर हवा, तोही हेपा, म्हणजे अतिबारीक कण अडवणाऱ्या फिल्टरचा आणि ओढ कमी-जास्त करता येणारा. साध्या यंत्राच्या पिशवीतून बीजाणू मागच्या बाजूने पुन्हा खोलीत येतात. त्याच नायलॉनच्या जाळीचा हातभर तुकडा घ्या, कडांना कापडी पट्टी शिवा आणि तो शालूवर ठेवा, म्हणजे सुटा धागा नळीत ओढला जाणार नाही. ओढ सगळ्यात कमी ठेवून नळीचं तोंड जाळीच्या सेंटिमीटरभर वर धरा. मऊ ब्रशाने ठिपका नळीकडे ढकला, घासू नका. वीतभर जागा झाली की जाळी पुढे. उलटी बाजूही तशीच. नऊवारी शालूला यात एक दिवस जातो, आणि जावाच.

ट्रंकेचा कागद, अस्तर, सगळं फेकून द्या. आतून ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. औषधाच्या दुकानात ९९ टक्क्यांचं मिळालं तर ७० मिलिलिटरमध्ये ३० मिलिलिटर पाणी घाला. तीव्र अल्कोहोल जास्त मारेल असं वाटतं, पण थोडं पाणी असल्याशिवाय ते पेशीतल्या प्रथिनांवर नीट काम करत नाही. पुसताना हीटर बंद, खोलीत दिवा-उदबत्ती नको. आणि हे ट्रंकेसाठी आहे. शालूवर फवारलंत तर जुने रंग ओघळतील. ऊनही ट्रंकेलाच द्या, दोन दिवस झाकण उघडून. परत माळ्यावर मात्र चढवू नका. कौलांखालची ती जागा दुपारी तापते, रात्री निवते, आणि पत्र्याला आतून घाम येतो. घराच्या आतल्या भिंतीकडे, जमिनीपासून १५ सेंटिमीटर वर आणि भिंतीपासून १० सेंटिमीटर सोडून ठेवा.

ठिपक्यांचे डाग राहतील. ते पुढच्या एका उत्तरात.

प्रश्न : आईची इरकली चंद्रकळा आहे, अंगावर कसुतीचं भरतकाम. काठ-पदर अजून धड आहेत, पण काळं अंग नुसतं हात लावला तरी झडतं. कसुतीची गोपुरं नि हत्ती धाग्यांना लोंबताहेत, खाली कापडच नाही! बुरशीने खाल्ली म्हणावी तर वास नाही, ठिपके नाहीत. — एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : बुरशी नव्हे. कापड कुठे गेलं आहे ते बघितलं की चोर बहुधा सापडतो. घडीच्या रेषेवर फाटलं असेल तर घडीने. कडा साफ कातरल्यासारखी भोकं असतील तर कसरीने किंवा दुसऱ्या किड्याने. रंग-नक्षी न बघता गोल-वेडावाकडा पट्टा विरला असेल आणि कुबट वास असेल तर बुरशीने. आणि एका रंगाचेच धागे गेले असतील, शेजारचे शाबूत असतील, तर रंगाने.

जुना काळा रंग पुष्कळदा हिरड्यासारख्या तुरट द्रव्यात कापड बुडवून मग लोखंडाच्या क्षारात काढून केलेला असे. हा रंग पक्का, पण पोटात दोन दुखणी घेऊन येतो: त्यातलं आम्ल धाग्याचे लांब रेणू तोडतं आणि लोखंड हवेतल्या प्राणवायूबरोबरची झीज वेगाने घडवतं. पन्नास-साठ वर्षं काही दिसत नाही, मग कापड एकदम काजळीसारखं झडतं. दमट हवेत हे आणखी लवकर होतं, एवढाच बुरशीशी त्याचा संबंध. तज्ज्ञ लोखंड ओळखायची कागदी पट्टी ओलसर करून टेकवतात. ती गुलाबी झाली की शंका मिटते.

हे उलटवता येत नाही. थांबवायचं ते कोरडं, अंधारं आणि गार ठेवून. धुणं बंद, नेसणं बंद. घरी करता येईल ते एकच: आधार. रंग न सुटणाऱ्या काळ्या किंवा गडद निळ्या मऊ सुती कापडाचं अस्तर घ्या, आधी तीन वेळा धुऊन त्याची खळ काढलेलं. साडी टेबलावर सपाट ठेवून अस्तर खाली सरकवा. कसुतीचे लोंबते धागे चिमट्याने जागच्या जागी बसवा, अत्यंत बारीक सुईने आणि एकपदरी रेशमाने त्यांच्यावरून आडवे, सैल टाके घालून अस्तराला धरा. टाका शाबूत भागातून सुरू करायचा, झडत्या कापडातून नव्हे. कसुतीत गाठ मारत नाहीत. तुम्हीही मारू नका, धाग्याचं टोक दोन-तीन उलट टाक्यांनी बसवा. फेविकॉल, इस्त्रीने चिकटणारी जाळी, गव्हाची खळ यांपैकी काहीही वापरलंत तर पुढे कोणाला काही करायला वाव उरणार नाही. खळ तर बुरशीचं आवडतं जेवण.

इरकलीचा आणखी एक नाजूक भाग सांगायलाच हवा, सांधा. तिच्या पदराचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा रेशमाचा असतो आणि तो अंगाच्या ताण्याला फाशांनी अडकवलेला असतो. अंग सुती असेल तर भिजल्यावर सूत आणि रेशीम सारखं आटत नाही, सांध्यावर फुगे धरतात आणि फासे निसटतात. सांधा कधी ताणू नका, घडी त्याच्यावर येऊ देऊ नका.

प्रश्न : आमच्याकडे पेटीत डांबरगोळ्या, वेखंड आणि तंबाखूचं पान ठेवायची रीत आहे. तरी बुरा येतोच. प्रमाण वाढवावं का? — एक वाचक, निपाणी

उत्तर : वाढवू नका. डांबरगोळ्या किड्यांसाठी आहेत. पेटीत घालतो तेवढ्याने बुरशीचं काही बिघडत नाही. उलट त्यांची वाफ कापडावर पुन्हा बारीक स्फटिक होऊन बसते आणि माणसालाही ती चांगली नाही. जी-सिक्स-पीडी या द्रव्याची जन्मजात कमतरता असलेल्या लहान मुलांमध्ये डांबरगोळ्यांतल्या नॅफ्थलीनने रक्तपेशी फुटतात. तेव्हा अशा पेटीतलं दुपटं थेट बाळाला गुंडाळू नका.

वेखंडाने किडे थोडे बिचकतात, पण ते पुरचुंडीत बांधलेलं आणि दरवर्षी बदललेलं हवं. कडुनिंबाचा पाला अर्धवट सुकलेला घातलात तर तुम्ही पेटीत ओलच घातली.

तंबाखूचं मात्र निपाणीकरांना वाईट वाटेल असं सांगायचं आहे. सुकं पान पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढून मऊ पडतं, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक! ते मऊ पान कापडाला टेकलं की तपकिरी डाग पडतो, आणि तो जात नाही. शिवाय तंबाखूवरच वाढणारा बारीक तपकिरी भुंगेरा पानाबरोबर पेटीत येतो. पान काढा.

प्रश्न : स्टीलच्या कपाटात पैठणी आणि शेले आहेत. बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून ठेवल्यात, प्रत्येक खणात चार-पाच. पुरतील का? आणि आर्द्रता मोजायचं स्वस्तातलं यंत्र खरं सांगतं का? घडी ठेवावी की गुंडाळावं? — एक वाचक, टिळकवाडी

उत्तर : पुड्यांचा हिशेब मांडू. सिलिका जेल फार तर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकं पाणी धरतं. ५ ग्रॅमची पुडी म्हणजे दीड ग्रॅम पाणी. रेशीम साध्या हवेतच वजनाच्या १० टक्क्यांच्या आसपास पाणी बाळगून असतं. ८०० ग्रॅमच्या पैठणीत आत्ता ८० ग्रॅम पाणी आहे, पावसाळ्यात आणखी. पाच पुड्यांनी साडेसात ग्रॅम ओढलं तर काय झालं? त्यातून कपाटाच्या फटी उघड्या, म्हणजे तुम्ही सगळ्या टिळकवाडीची हवा वाळवायला बसलात.

जेल वापरायचं तर झाकणाला रबराची कड असलेल्या, घट्ट बसणाऱ्या पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकच्या डब्यात. संग्रहालयांच्या काचपेट्यांना घनमीटरला २० किलो असा जुना ठोकताळा आहे. त्या हिशेबाने ५० लिटरच्या डब्याला एक किलो. कापड डब्यात घालायचं ते कोरड्या ऋतूत, वाळलेलं. ओलं कापड बंद डब्यात घालणं हा सगळ्यात महागडा गाढवपणा. जेल मलमलच्या पिशवीत, कापडाला थेट न टेकता. रंग बदलणारं घ्याल तर नारिंगीचं हिरवं होणारं घ्या; निळ्यात कोबाल्ट हा घातक धातू असतो. रंग बदलला की पिशवीतून काढून ताटात पसरा, ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास ठेवा, गार करून परत. ते ताट पुन्हा स्वयंपाकाला नको.

स्वस्त यंत्र चालतं, पण आधी परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. पाणी वर तरंगता कामा नये. ते झाकण आणि यंत्र झिपच्या पिशवीत हवेसकट बंद करून एक दिवस ठेवा. ओल्या मिठावरची बंद हवा आपल्या घरच्या तापमानाला ७५ टक्क्यांवर स्थिरावते. यंत्र ७० दाखवत असेल तर पुढे प्रत्येक आकड्यात ५ मिळवा. दर पावसाळ्याच्या तोंडावर ही परीक्षा करायची.

कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं असेल तर आधी पुढे ओढा. पूर्वी कपाटात १५ वॉटचा पिवळा दिवा लावून ठेवत, तो थोडी ऊब देई. एलईडीने तसं होत नाही, आणि जुना दिवा कापडाशेजारी रात्रभर जळत ठेवणं आगीला बोलावणं आहे.

गुंडाळणं केव्हाही चांगलं, जागा असेल तर. नळी ७ ते १० सेंटिमीटर जाड आणि साडीच्या पन्ह्यापेक्षा दोन्हीकडे १०-१५ सेंटिमीटर लांब. पीव्हीसीची नळी नको, ती जुनी होताना आम्लाची वाफ सोडते. पुठ्ठ्याच्या नळीतही आम्ल असतं, म्हणून तिच्यावर पारदर्शक पॉलिएस्टर फिल्म गुंडाळा, वर धुतलेली मलमल. मग साडी, चांगली बाजू बाहेर ठेवून, उभे-आडवे धागे सरळ राखून, सैलसर. वरून मांजरपाट आणि रुंद सुती नाडा, रबरबँड नाही. मांजरपाट नवा असेल तर तीनदा गरम पाण्यात धुऊन खळ काढा. धुऊन धुऊन विरलेलं पांढरं धोतर यासाठी नव्या कापडाहून सरस. जागा नसेल तर घडीच्या पोटात मलमलच्या अंगठ्याएवढ्या सुरळ्या ठेवा आणि वर्षातून एकदा घडीच्या रेषा बदला. हे काम पावसाळ्यात काढू नका. दिवाळीनंतर, डिसेंबर-जानेवारीतली कोरडी दुपार बघून करा.

प्रश्न : आमचं गाव नदीकाठी आहे. ऑगस्ट २०१९ च्या पुरात देवळातलं पालखीचं मखमली छत आणि जुनी निशाणं भिजली. आठवड्याने उघडली तेव्हा काळी-हिरवी झाली होती. पुन्हा तशी वेळ आली तर काय करायचं? — देवस्थानाचे एक सेवेकरी, चिकोडी तालुका

उत्तर : आठवडा फार झाला. भिजलेल्या कापडावर बुरशी धरायला ४८ तास पुरतात, म्हणून सगळं नियोजन त्या दोन दिवसांचं. पाणी चढायची सूचना आली की पेट्या वरच्या मजल्यावर न्यायच्या, कोण नेणार आणि किल्ली कोणाकडे हे जूनमध्येच ठरवायचं.

भिजलंच तर ओलं छत चार माणसांनी चार कोपरे धरून उचलायचं नाही. भिजलेलं रेशीम कोरड्यापेक्षा कमकुवत असतं आणि मखमल तर पाणी पिऊन दगडासारखी जड होते. खालून जाळी किंवा ताडपत्री सरकवा, तिच्यासकट उचला. निशाण काठीवरून आधी सोडवा. लाकूड ओल धरून ठेवतं आणि खिळ्याचा गंज कापडात उतरतो.

गाळ ओला असतानाच निघतो. प्रत्येक रंगाच्या कडेला पांढरा टीपकागद दाबून बघा. रंग उतरत नसेल तर जाळीवर ठेवूनच स्वच्छ पाण्याची मंद धार सोडा. चोळणं, पिळणं नाही. रंग उतरत असेल तर पाणी बंद. रंगारंगांमध्ये टीपकागद घाला, गाळ नंतर बघू. जुन्या पांढऱ्या टॉवेलांनी दाबून पाणी टिपा, पण मखमलीची लव दाबू नका, तिला उलट बाजूने टिपा आणि लव वर ठेवून वाळवा. आत, सावलीत, जाळीवर.

वस्त्रं जास्त आणि माणसं कमी असतील तर गोठवा. एकेक वस्त्र वेगळ्या पॉलिथिनमध्ये गुंडाळून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवलं की बुरशी जागच्या जागी थांबते. मरत नाही, थांबते. तुम्हाला वेळ मिळतो. मग एकेक काढून वाळवा. काचेचे मणी किंवा रंगवलेली चित्रं असलेलं वस्त्र मात्र गोठवू नका.

पुराइतकाच त्रास रोजच्या पूजेचा असतो, हेही सांगून टाकतो. तेल, तूप, कुंकू, कापराची काजळी, प्रसादाचे शिंतोडे: बुरशीला यापेक्षा काय हवं? जुन्या निशाणाची हुबेहूब नवी प्रत शिवून घ्या. मिरवणुकीला नवं निघू दे, जुनं पेटीत राहू दे. देवाचं काही अडत नाही.

थोडक्यात विचारलेले

*डाग राहिलेत. लिंबू-मीठ चालेल का, की ब्लीच?* दोन्ही नको. बुरशीने सोडलेला रंग धाग्याच्या आत असतो. तो काढण्याइतकं कडक औषध धाग्यालाही खातं. लिंबाच्या आम्लाने सूत कुजतं, आणि नेहमीच्या ब्लीचमधल्या हायपोक्लोराइटमध्ये रेशीम आणि लोकर चक्क विरघळते. डाग राहू द्या. जुन्या वस्त्रावरचा डाग दिसायला वाईट, पण त्याने कापड फाटत नाही.

*लाँड्रीत पॉलिश करून ठेवली तर टिकेल?* पॉलिश म्हणजे बहुधा खळ किंवा डिंक लावून तापलेल्या रोलखालून काढणं. नवी साडी कडक, झकास दिसते. जुनीचे धागे चेपतात आणि वर बुरशीसाठी ताट वाढलेलं. ड्रायक्लीनच्या फिरत्या पिंपातही जुनं रेशीम टिकत नाही.

*काठाची जर काळी पडली, ती बुरशी का?* नाही, हवेतल्या गंधकाने चांदी काळवंडते. लोकर आणि रबर जवळ ठेवू नका, दोन्हींतून गंधक निघतं. हिरवट झाली असेल तर जरीत तांबं आहे. चिंच, टूथपेस्ट लावू नका. सोन्याचा मुलामा काळ्या थराबरोबरच निघून जातो.

*आजोबांचं घोंगडं आणि घरातल्या वाकळी?* लोकरीला बुरशीपेक्षा कसरीचं भय मोठं. घोंगडं वर्षातून दोनदा उघडून शिवणी आणि घड्या बघा. वाकळ रोजच्या वापरातली असेल तर खुशाल धुवा, पण तिचे आतले थर दोन दिवस ओले राहतात. भर उन्हाळ्यातच धुवायची चीज ती.

प्रश्न : घरी करण्यापलीकडचं असेल तर नेऊ कुठे, आणि नेऊ कसं? — एक वाचक, हुक्केरी

उत्तर : लखनौच्या राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाळेचं प्रादेशिक केंद्र मैसूरला आहे, आणि मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धनाचं केंद्र आहे. आधी पत्राने किंवा फोनने विचारा. वस्त्राची लांबी-रुंदी आणि वर्णन द्या. फोटो दिवसाच्या उजेडात काढा: एक पूर्ण, एक तिरक्या उजेडात, एक डागाचा जवळून शेजारी मोजपट्टी ठेवून. आजवर काय काय लावलं तेही खरं लिहा. डांबरगोळ्या, लिंबू, फेविकॉल, सगळं. लपवलंत तर तज्ज्ञ चुकीचं द्रावण निवडू शकतात.

नेताना धुतलेल्या मलमलमध्ये नळीवर गुंडाळून, वर मांजरपाट, मग पुठ्ठ्याचं खोकं. पावसात निघायचं असेल तर प्लास्टिक सगळ्यात बाहेर, खोक्याभोवती, आणि मुक्कामाला पोचलात की आधी ते काढा.